खिशातला चाकू: शस्त्र की रोजचं अवजार? ओपिनेलची १३० वर्षांहून जुनी गोष्ट आणि पारंपरिक चाकूंच्या चाहत्यांचं जग

‘चाकू’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं?

बहुतेकांना जुन्या हिंदी सिनेमातला खलनायक आठवेल. अंधारी गल्ली, ‘खटॅक’ असा आवाज आणि हातात चमकणारा रामपुरी! आपल्याकडे खिशात चाकू बाळगणारा माणूस म्हणजे गुंड, हे समीकरण सिनेमानेच पक्कं करून टाकलं आहे.

आता दुसरं चित्र बघा. फ्रान्समधल्या डोंगराळ भागात दुपारच्या जेवणाची वेळ झाली आहे. एक शेतकरी बांधावर बसतो, खिशातून लाकडी मुठीचा छोटा चाकू काढतो, पाव कापतो, चीजचा तुकडा पाडतो, शेवटी सफरचंदाच्या फोडी करतो. मग पातं पुसतो, चाकू मिटतो आणि खिशात टाकतो. शेजारी बसलेल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही, कारण त्याच्याही खिशात तसाच चाकू असतो.

जगभरात असे हजारो लोक आहेत जे आजही पारंपरिक पद्धतीचे घडीचे चाकू रोज वापरतात, त्यांना प्रेमाने धार लावतात आणि पुढच्या पिढीच्या हाती सोपवतात. हा छंद नेमका काय आहे? लोकांना त्यात एवढा आनंद का मिळतो? आणि कायदा याबद्दल काय म्हणतो? चला, सविस्तर जाणून घेऊया.

पारंपरिक पॉकेट नाईफ म्हणजे नक्की काय?

सोप्या शब्दांत सांगायचं तर, ज्याचं पातं मुठीत दुमडतं आणि जो खिशात मावतो तो पॉकेट नाईफ. पण ‘पारंपरिक’ म्हणताना चाहत्यांच्या मनात काही ठरावीक गोष्टी असतात.

मूठ लाकडाची, हाडाची किंवा शिंगाची. पातं उघडायला बटण नाही, खटका नाही. पात्यावर नखाएवढी एक खाच असते, त्यात नख अडकवून दुसऱ्या हाताने पातं ओढून काढायचं. म्हणजे चाकू उघडायला दोन्ही हात लागतात आणि थोडा वेळही लागतो.

अशा बऱ्याच चाकूंमध्ये पातं जागेवर राहावं म्हणून मुठीच्या पाठीला पोलादाची एक कमान बसवलेली असते. ती पात्याच्या बुडाला दाबून धरते. पातं उघडताना आणि मिटताना ‘टक्’ असा जो आवाज येतो, तो या कमानीचा. हे कुलूप नाही. पात्याच्या पाठीवर जोर दिला तर चाकू मिटतो. काही चाकूंमध्ये तर कमानही नसते, पातं केवळ घर्षणावर टिकून राहतं.

इथेच रामपुरी आणि या चाकूंमधला फरक कळतो. सिनेमातला रामपुरी दुसऱ्याला धाक दाखवण्यासाठी उघडतो. हा चाकू हळू उघडतो, लहान असतो आणि भोसकायला गेलं तर वापरणाऱ्याच्याच बोटांवर मिटू शकतो. मारामारीसाठी याहून वाईट वस्तू शोधून सापडणार नाही!

इंग्रजांनी या चाकूला ‘पेननाईफ’ म्हटलं, त्यामागेही कामच आहे. पूर्वी पक्ष्याच्या पिसाची लेखणी वापरायचे, तिचं टोक वारंवार तासावं लागे. त्यासाठी लिहिणाऱ्याजवळ छोटा चाकू हवाच. आपल्याकडे बोरूने लिहिणाऱ्यांनाही बोरू तासायला चाकू लागायचाच. म्हणजे एकेकाळी चाकू ही लिहिण्या-वाचणाऱ्यांची वस्तू होती.

१८ वर्षांच्या पोराने बनवलेला चाकू

पारंपरिक चाकूंमध्ये ज्याचं नाव जगभर घेतलं जातं तो म्हणजे फ्रान्सचा ओपिनेल.

फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातला साव्हुआ हा भाग. तिथल्या सेन-झां-द-मोरियेन या गावाजवळच्या एका वस्तीत ओपिनेल घराणं राहायचं. घरचा धंदा लोहारकामाचा. कुऱ्हाडी, कोयते अशी शेतीची धारदार अवजारं ते बनवत आणि ती आसपासच्या भागात नावाजलेली होती.

या घरातल्या जोसेफ ओपिनेलला नव्या यंत्रांचं वेड होतं. १८९० मध्ये, वयाच्या अवघ्या १८ व्या वर्षी, त्याने मित्रांसाठी एक घडीचा चाकू तयार केला. त्यात फक्त ४ भाग होते: लाकडी मूठ, पोलादी पातं, मुठीच्या तोंडाशी बसवलेलं धातूचं कडं आणि पातं ज्यावर फिरतं तो रिव्हेट. बस्स! ना कमान, ना नक्षी.

मित्रांना तो आवडला. त्यांनी दुसऱ्यांना दाखवला. मागणी वाढली, तसं जोसेफच्या लक्षात आलं की शेतकऱ्याला, गुराख्याला आणि रेल्वेच्या कामगाराला परवडेल असा हा चाकू यंत्राच्या मदतीने मोठ्या संख्येने बनवता येईल.

१९०९ मध्ये त्याने आपली खूण नोंदवली. आशीर्वाद देणारा हात आणि त्यावर मुकुट. हात हा सेन-झां-द-मोरियेनच्या गावचिन्हातला, संत जॉनचा. मुकुट हा साव्हुआ एकेकाळी स्वतंत्र सरदारांचा मुलूख होता याची आठवण. आजही प्रत्येक ओपिनेलच्या पात्यावर ही खूण दिसते.

चाकूला नंबर कशासाठी?

१८९७ मध्ये जोसेफने एकाच घडणीचे १२ आकार तयार केले आणि त्यांना १ ते १२ असे नंबर दिले. चपलेचा नंबर असतो ना, तसाच हा प्रकार! ज्याच्या हाताला आणि कामाला जो बसेल तो त्याने घ्यावा.

१ नंबरचं पातं जेमतेम २ सेंटीमीटरचं होतं. ते इतकं चिमुकलं होतं की कामाला पुरेना. ११ नंबर हा १० आणि १२ यांच्या अगदी मधला, त्यामुळे त्याची वेगळी गरज वाटेना. म्हणून १९३५ च्या सुमारास हे दोन्ही नंबर यादीतून काढले गेले. म्हणजे आजही तुम्ही ओपिनेलचे जुने आकार मोजले तर २ ते १० आणि थेट १२!

सगळ्यांत लोकप्रिय आहे ८ नंबर. त्याचं पातं ८.५ सेंटीमीटरचं. पाव, फळं, भाजी, दोरी, पुठ्ठा अशा रोजच्या बहुतेक कामांना हा पुरतो आणि खिशालाही जड वाटत नाही.

हा साधा चाकू पुढे इतका मान्यता पावला की १९८५ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने उत्कृष्ट डिझाइन असलेल्या १०० वस्तूंमध्ये त्याची निवड केली. त्याच यादीत पोर्शे ९११ ही मोटारही होती! फ्रान्सच्या लारूस शब्दकोशात ‘ओपिनेल’ हा शब्द सामान्यनाम म्हणून आला. आपण जसं कुठल्याही फोटोकॉपीला ‘झेरॉक्स’ म्हणतो, अगदी तसंच.

बोटं वाचवणारी कडी

पहिल्या ओपिनेलमध्ये एक उणीव होती. पातं घर्षणावर टिकायचं, त्यामुळे चुकीचा जोर पडला तर ते बोटांवर मिटण्याची भीती असे.

१९५५ मध्ये जोसेफचा मुलगा मार्सेल ओपिनेल याने यावर उपाय शोधला. मुठीच्या तोंडाशी असलेल्या कड्यावर त्याने चीर असलेली आणखी एक कडी बसवली. पातं उघडलं की ही कडी थोडी फिरवायची, पातं पक्कं होतं. मिटायचं असेल तेव्हा कडी उलट फिरवून चीर समोर आणायची. या कडीचं नाव विरोब्लॉक. ४ भागांच्या चाकूत ५ वा भाग आला, एवढाच काय तो बदल. २००० सालापासून हीच कडी मिटलेला चाकूही बंद ठेवते, म्हणजे खिशात तो चुकून उघडत नाही.

ही कडी ६ नंबरपासून पुढच्या चाकूंना असते. २ ते ५ नंबरचे छोटे चाकू अजूनही पहिल्यासारखे, बिनकडीचे आहेत. हा फरक लक्षात ठेवा, कायद्याच्या मुद्द्याकडे आलो की तो फार महत्त्वाचा ठरणार आहे!

ओपिनेलचे जगभरातले भाऊबंद

प्रत्येक मुलखाने आपल्या कामाप्रमाणे चाकू घडवला. त्यातले हे काही प्रसिद्ध नमुने:

लायोल (फ्रान्स): लायोल हे दक्षिण फ्रान्समधलं गुराख्यांचं गाव. तिथे १८२९ मध्ये पिएर-झां काल्मेल याने हा डौलदार चाकू बनवला असं मानतात. पुढे त्याला एक टोकदार दाभण जोडली गेली. तिचा एक उपयोग म्हणजे पोट फुगलेल्या गुरांच्या पोटातला वायू काढणं. गावातली माणसं पोटासाठी पॅरिसला गेली, तिथे कॅफेंमध्ये काम करू लागली, तेव्हा १८८० च्या सुमारास या चाकूला बाटलीचं बूच काढायचा स्क्रूही आला. माणसाचा धंदा बदलला तसा चाकू बदलला!

स्विस आर्मी नाईफ (स्वित्झर्लंड): हा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. कार्ल एल्झेनर याने १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले. सैनिकाला डबा उघडायचा असे आणि रायफल खोलून साफ करायची असे, म्हणून त्यात डबा उघडायचं पातं आणि स्क्रू-ड्रायव्हर. १८९७ मध्ये हलका ‘ऑफिसर’ चाकू आला. आईच्या निधनानंतर एल्झेनरने १९०९ मध्ये तिचं व्हिक्टोरिया हे नाव आपल्या मालाला दिलं. पुढे गंज न धरणाऱ्या पोलादासाठीचा ‘इनॉक्स’ हा शब्द त्याला जोडला आणि झालं ‘व्हिक्टोरिनॉक्स’.

स्टॉकमन (अमेरिका): गुरं पाळणाऱ्यांचा ३ पात्यांचा चाकू. एक टोकदार पातं रोजच्या कामाला, दुसरं सरळ धारेचं पातं रेषेत कापायला आणि तिसरं गोलसर टोकाचं पातं जनावरांचं खच्चीकरण करायला. पेनसिल्व्हेनियातली ‘केस’ कंपनी असे चाकू बनवते. तिच्या पात्यावर कोरलेल्या आकड्यांचीही एक भाषा आहे. पहिला आकडा मूठ कशाची ते सांगतो, दुसरा पाती किती ते सांगतो आणि उरलेले आकडे नमुना कोणता ते सांगतात. हे आकडे वाचणं हा संग्राहकांचा आवडता उद्योग असतो.

हिगोनोकामी (जपान): दुमडलेल्या पत्र्याची मूठ आणि एक पातं, इतकाच हा चाकू. पात्याला मागे एक छोटी शेपटी असते, ती अंगठ्याने दाबली की चाकू उघडतो आणि काम होईपर्यंत अंगठ्यानेच दाबून धरायची. १८९० च्या दशकात मिकी या शहरात त्याची सुरुवात झाली. अनेक पिढ्यांतल्या जपानी मुलांनी याच चाकूने पेन्सिली तासल्या.

हे चाहते दिवसभर चाकूचं करतात तरी काय?

बाहेरच्याला वाटतं, चाकूचं वेड म्हणजे कपाटात भरून ठेवलेला संग्रह. काहींचा तसा असतोही. पण पारंपरिक चाकू वापरणाऱ्यांमध्ये खरा मान असतो तो वापरून झिजलेल्या चाकूला.

त्यांचा दिवस बघितला तर कामं अगदी साधी असतात. सकाळी फळ चिरणं. कुरिअरच्या खोक्याची टेप कापणं. दुधाची पिशवी किंवा खताची गोणी उघडणं. बागेत वेलीला आधार देणारी सुतळी तोडणं. पेन्सिल तासणं. संध्याकाळी निवांत बसून लाकडाचा तुकडा तासून चमचा किंवा खेळणं करणं.

हे सगळं घरातल्या सुरीने होत नाही का? होतं की. पण सुरी स्वयंपाकघरात असते, काम समोर असतं! दातांनी पिशवी फाडणं, किल्लीने टेप ओरबाडणं हे उद्योग आपण सगळेच करतो. खिशात चाकू असणारा माणूस ते करत नाही.

आपल्याकडे पानसुपारीची चंची आठवते? आजोबांच्या कमरेला ती असायची आणि त्यात असायचा छोटा अडकित्ता. सुपारी कातरण्यात एक निवांतपणा होता. समोरच्याला ती कातरून देण्यात आपुलकी होती. तो अडकित्ता वर्षानुवर्षं एकाच हातात राहून गुळगुळीत व्हायचा. पॉकेट नाईफची गोडी काहीशी अशीच आहे.

फ्रान्सच्या काही भागांत मुलाला पहिला ओपिनेल मिळणं म्हणजे ‘तू आता मोठा झालास’ अशी पावती असते. बरेचदा तो आजोबांकडून येतो. चाकू भेट दिला तर घेणाऱ्याने बदल्यात एक नाणं द्यायचं, नाहीतर मैत्री ‘कापली’ जाते असा तिथे समज आहे. वाचून हसू आलं? आपल्याकडेही ‘कात्री नुसती वाजवू नकोस, घरात भांडणं होतात’ हे ऐकतच आपण मोठे झालो!

काळं पडलेलं पातं का आवडतं?

ओपिनेलचं पातं दोन प्रकारांत मिळतं, कार्बन स्टील आणि स्टेनलेस स्टील. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, त्यामुळे ते सहज गंजत नाही. कार्बन स्टीलला असं संरक्षण नसतं, पण त्याला धार पटकन लागते. म्हणूनच अनेक चाहते मुद्दाम कार्बन स्टील घेतात.

नव्या कार्बन पात्याने सफरचंद किंवा लिंबू चिरलं की काही वेळातच त्यावर करडे-निळसर डाग उमटतात. फळातल्या आम्लाची लोखंडाशी क्रिया होऊन पृष्ठभागावर एक पातळ थर तयार होतो. याला ‘पातिना’ म्हणतात. घरातल्या लोखंडी विळीवर कैरी चिरली की पातं काळवंडतं, तोच हा प्रकार.

पातिना आणि गंज एक नव्हेत. तांबूस, भुसभुशीत गंज पातं खात जातो. काळसर पातिना मात्र पात्याला चिकटून राहते आणि गंज लागणं काही प्रमाणात रोखते. कुणी जास्त फळं चिरतो, कुणी जास्त मांस, त्याप्रमाणे डागांची नक्षी बदलते. त्यामुळे कारखान्यातून एकसारखे निघालेले दोन चाकू वर्षभराने कधीच एकसारखे दिसत नाहीत. चाहत्यांना याचंच अप्रूप असतं. मालकाने काय काय कापलं याची ती डायरीच म्हणा ना!

निगा कशी राखायची?

चाकू स्वस्त असो वा महाग, त्याचं आयुष्य निगेवर ठरतं. हे नियम साधे आहेत:

१. काम झालं की पातं पुसून कोरडं करा आणि मगच मिटा. ओला चाकू मिटला तर गंज आतून लागतो.

२. लाकडी मूठ पाण्यात भिजवू नका. डिशवॉशर तर अजिबात नको. ओपिनेलची मूठ बीच लाकडाची असते. ती पाणी पिऊन फुगते आणि पातं आतच अडकून बसतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात हमखास येणारा हा अनुभव!

३. पातं अडकलंच तर साव्हुआच्या लोकांची युक्ती करा. कडी सैल करायची, मिटलेल्या चाकूच्या मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच आपटायचं. पातं थोडं बाहेर सरकतं, मग चिमटीत धरून ओढायचं. या युक्तीला तिथे ‘साव्हुआकराचा ठोका’ अशा अर्थाचं नावच आहे.

४. कार्बनच्या पात्यावर अधूनमधून खाण्याला चालणाऱ्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि पुसून घ्या. जास्त तेल ठेवलं तर ते चिकट होतं आणि धूळ धरतं.

५. धार निसण्यावर म्हणजे धार लावायच्या दगडावर लावा. रोजच्या धारेसाठी १००० च्या आसपासचा दगड पुरतो. पातं दगडाशी साधारण २० अंशांच्या कोनात धरा आणि दोन्ही बाजूंनी सारख्या वेळा फिरवा. कोन बदलू न देणं हीच यातली सगळी कला. विजेवर फिरणाऱ्या चाकावर पातं तापलं तर पोलादाचं पाणी उतरतं, म्हणून शक्यतो हातानेच धार लावावी.

आणि हो, बोथट चाकू सुरक्षित असतो हा मोठा गैरसमज आहे. बोथट पात्याला जोर जास्त लावावा लागतो, ते घसरतं आणि जखम तेव्हाच होते.

कापताना धार नेहमी शरीरापासून दूर जाईल अशी धरा. दुसऱ्याला चाकू देताना मिटून द्या. पात्याचा उपयोग पेचकस किंवा पहार म्हणून करू नका. मुलांना शिकवायचं असेल तर आधी बसून, समोर मोठं माणूस असताना आणि एकाच कामापासून सुरुवात करा. पेन्सिल तासणं हा सगळ्यांत चांगला पहिला धडा!

एका देशाने मुलांच्या हातातला चाकू काढून घेतला, तेव्हा…

हिगोनोकामीची गोष्ट इथे पुन्हा सांगायला हवी.

१२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोत एका जाहीर सभेत समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा यांची १७ वर्षांच्या मुलाने व्यासपीठावरच हत्या केली. ही घटना टीव्हीवरून देशभर पोहोचली. हत्या झाली होती ती छोट्या तलवारीने, हिगोनोकामीने नव्हे. पण देश हादरला होता. ‘मुलांच्या हाती धारदार वस्तू नको’ अशी मोहीम उभी राहिली आणि तिचा फटका शाळकरी मुलांच्या दप्तरातल्या चाकूला बसला.

पुढे पेन्सिल तासायची यंत्रं घरोघरी आली. चाकूचं गिऱ्हाईक संपलं. मिकीमध्ये एकेकाळी अनेक कारागीर हिगोनोकामी बनवायचे. आज या नावाने चाकू बनवणारी जुनी कार्यशाळा एकच उरली आहे, नागाओ कानेकोमा.

पण गोष्ट इथेच संपत नाही. नागानो प्रांतातल्या इकेदा इथे एक प्राथमिक शाळा आहे. तिथे पहिलीत आलेल्या मुलांना हिगोनोकामी दिला जातो, त्याने पेन्सिल तासायला आणि तो सांभाळायला शिकवलं जातं. धारदार वस्तू लपवून ठेवण्यापेक्षा ती वापरायची कशी हे शिकवणं बरं, असा त्यामागचा विचार.

दोन्ही बाजूंची काळजी खरी आहे. चाकूने माणसं मरतात हे नाकारता येत नाही आणि लहान मुलाच्या हातात धार द्यायला कुठलेही पालक कचरणारच. पण भीती एका वस्तूची होती, गेली मात्र दुसरीच वस्तू, आणि तिच्यासोबत एक हातकौशल्यही गेलं, हेही तितकंच खरं.

कायदा काय म्हणतो?

हा भाग नीट वाचा, कारण छंदापायी अडचणीत यायचं नसेल तर हे माहीत असायलाच हवं.

भारतात: शस्त्र कायदा, १९५९ आणि त्याखालच्या नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. खिशातले चाकू या मापापेक्षा खूपच लहान असतात. पण दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनुसार बटणाने किंवा अन्य यांत्रिक युक्तीने उघडझाप होणाऱ्या, ७.६२ सेंटीमीटर किंवा अधिक लांब आणि १.७२ सेंटीमीटर किंवा अधिक रुंद पात्याच्या चाकूंवर वेगळे निर्बंध आहेत.

महाराष्ट्रात: सण, निवडणुका किंवा तणावाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. ‘शस्त्रे, सुरे, काठ्या बाळगण्यास बंदी’ अशी बातमी आपण पेपरात नेहमी वाचतो, ती हीच. अशा काळात चाकू घरीच ठेवावा.

ब्रिटनमध्ये: तिथे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मंडळींनी हे जरूर लक्षात ठेवावं. १९८८ च्या कायद्यानुसार ३ इंचांपर्यंत धारेचा, दुमडणारा साधा चाकू सार्वजनिक ठिकाणी जवळ ठेवता येतो. मात्र ज्याचं पातं उघडल्यावर कुलूपबंद होतं असा चाकू न्यायालयांनी या सवलतीत धरलेला नाही. तो बाळगायला ठोस कारण लागतं.

आता ती कडी आठवा! बोटं वाचावीत म्हणून मार्सेल ओपिनेलने बसवलेली विरोब्लॉक. तिच्यामुळेच ८ नंबरचा ओपिनेल ब्रिटनमध्ये या सवलतीत बसत नाही, त्याचं पातंही ३ इंचांहून मोठं आहे. उलट बिनकडीचा छोटा ४ नंबर बसतो. वापरणाऱ्याच्या दृष्टीने जी सोय सुरक्षिततेची, तीच कायद्याच्या दृष्टीने संशयाची!

विमानात: चाकू केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इन सामानात ठेवावा. कित्येकांचा युरोप सहलीतून हौसेने आणलेला स्विस नाईफ सुरक्षा तपासणीच्या डब्यात जातो तो याच चुकीमुळे. मेट्रो, न्यायालय, मॉल अशा ठिकाणीही तपासणीत तो अडवला जाऊ शकतो.

कायदे बदलत असतात, त्यामुळे प्रवासाआधी त्या त्या ठिकाणचा नियम एकदा तपासून घ्या. आणि साधा नियम म्हणजे, चाकू जवळ का आहे याचं सरळ उत्तर तुमच्याकडे नसेल, तर तो घरीच असू द्या.

हत्यार एकच, अर्थ दोन

आपल्या भाषेत एक गंमत आहे. ‘हत्यार’ हा शब्द आपण तलवारीलाही वापरतो आणि सुताराच्या करवत-पटाशीलाही. ‘हत्यारं घेऊन चाललाय’ म्हटलं तर तो दंगलीला चाललाय की कामाला, हे माणूस बघूनच ठरवावं लागतं.

खंडेनवमीला आपण शस्त्रांची पूजा करतो, तशी कारागीर आपल्या अवजारांची करतात. लोहाराचा हातोडा, न्हाव्याची कात्री, शिवणयंत्र यांना त्या दिवशी झेंडूचं फूल वाहिलं जातं. पोटाला देणाऱ्या वस्तूचा तो मान असतो.

पारंपरिक पॉकेट नाईफचे चाहते वर्षभर काही वेगळं करत नाहीत. वापरतात, पुसतात, धार लावतात आणि जपून ठेवतात. आपल्या घरातही एखाद्या ड्रॉवरमध्ये आजोबांचा जुना चाकू किंवा अडकित्ता पडून असेल. तो बाहेर काढा, गंज पुसा, निसण्यावर हात फिरवा आणि एखादं सफरचंद चिरून बघा. या लोकांना त्यात काय मिळतं हे पहिल्या फोडीतच कळेल!

तुमच्या घरात आहे का असा जुना चाकू किंवा अडकित्ता? त्याची आठवण कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि परदेशी निघालेल्या एखाद्या मित्राच्या बॅगेत स्विस नाईफ असेल, तर हा लेख त्याला आठवणीने पाठवा!